भायखळ्याची बाग, बेळगावचा कडबा आणि फांद्यांचा भुगा

१/ दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईत झाडांची छाटणी होते आणि रस्त्यांच्या कडेला फांद्यांचे ढीग उभे राहतात. त्या ढिगात लाकूड थोडे आणि पोकळी फार. म्हणून टेम्पो भरतो, पण वजन भरत नाही. बागकाम करणारे लहान ठेकेदार आता परवडणारा छोटा ‘चिपर’ शोधू लागले आहेत. कोणता घ्यावा, या प्रश्नाला भायखळ्यापासून सुरू होणारा इतिहास आहे.

२/ १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते भायखळ्यात व्हिक्टोरिया गार्डन्सचे उद्घाटन झाले. हीच लोकांच्या तोंडची राणीची बाग, आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. ती उभारणाऱ्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची आधीची बाग शिवडीला होती. १८७३ मध्ये भायखळ्याची बाग नगरपालिकेकडे आली.

३/ जिथे बाग, तिथे छाटणी. आणि छाटणी झाली की फांद्यांची विल्हेवाट आलीच. जुन्या पद्धती तीनच: जाड लाकूड सरपणाला, पाला खताच्या खड्ड्यात आणि उरलेल्या काटक्यांना आग. यंत्राची गरज तोवर कोणालाच भासली नव्हती, कारण चुली आणि भट्ट्या लाकूड खाऊन टाकत होत्या.

४/ त्याच भायखळ्यात १८८७ मध्ये स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट होती. १९२३ मध्ये ती माटुंग्याला गेली. रंग ओळखण्यातील दोषामुळे चित्रकलेचे शिक्षण सोडावे लागलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर या संस्थेत यांत्रिक आरेखन शिकवीत. बढती डावलली गेल्यावर ते बेळगावला परतले. तेथील त्यांच्या कारखान्याच्या सुरुवातीच्या उत्पादनांत कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर होते.

५/ कडबाकुट्टी आणि चिपर ही एकाच कुळातली यंत्रे. जड चाकाला पाती बसवलेली. चाक फिरू लागले की त्याच्या वजनात वेग साठतो आणि तोच वेग पात्यामागे जोर लावतो. फरक भक्ष्याचा आहे. कडबाकुट्टीचे पाते ज्वारीच्या ताटासाठी असते. स्वस्तात काम भागवावे म्हणून तिच्यात लाकडी फांदी घातली, तर पात्याला दाते पडतात आणि यंत्र अडकते.

६/ किर्लोस्करांचा नांगर प्रथम विकला जाईना. लोखंडाने जमीन नासते, असा समज शेतकऱ्यांत होता. नांगर स्वीकारला गेला तो जमिनीत चालताना दिसल्यावर. यंत्र विकत घेणाऱ्यासाठी हा धडा आजही जुना झालेला नाही: माहितीपत्रक बाजूला ठेवावे आणि आपल्या कामातली फांदी त्यात घालून पाहावी.

७/ लाकडाच्या चिपरचे श्रेय जर्मनीतील मासब्यूल गावच्या पेटर येन्सन यांना दिले जाते, वर्ष १८८४. पुढे त्याचे तीन प्रकार रूढ झाले. तबकडीवर पाती असलेला वेगवान चिपर, पिंपासारख्या रुळावर पाती असलेला मोठ्या कामाचा चिपर, आणि दातेरी रूळ संथ फिरवून फांदी चिरडणारा, कमी आवाजाचा विजेवरचा चिपर.

८/ यंत्राविनाही भुगा होतो, हे इंदूरने दाखवले. होळकर संस्थानातील इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ सिद्ध केली. कपाशी आणि तुरीच्या कडक काड्या ते शेतरस्त्यावर पसरवीत. बैलगाड्यांची चाके आणि जनावरांचे खूर त्यांचा चुरा करीत.

९/ दोघांचे पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामागचे तत्त्व साधे: जितका तुकडा बारीक, तितका जिवाणूंना शिरकाव अधिक. मात्र लाकडात कार्बन फार आणि नत्र अल्प. ढीग रचताना कार्बन-नत्राचे प्रमाण सुमारे ३३ : १ असावे, असे हॉवर्ड सांगत. म्हणून नुसता भुगा मातीत मिसळू नये. कुजताना तो मातीतले नत्र ओढून घेतो. हिरवा पाला आणि शेण मिसळून त्याचे खत करावे किंवा झाडाच्या बुंध्यापासून थोडे अंतर ठेवून वर आच्छादन घालावे.

१०/ आज जुन्या वाटा बंद होत आहेत. १९७५ च्या झाडांच्या जतनविषयक कायद्यामुळे छाटणी परवानगीच्या कक्षेत आली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी बागेचा कचरा वेगळा ठेवणे बंधनकारक केले आणि उघड्यावर जाळण्यास मनाई केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकऱ्यांच्या लाकडी भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. सरपणाचे एक मोठे गिऱ्हाईक अशा रीतीने कमी होऊ लागले.

११/ मग निवड कशी करावी? प्रथम वीज पाहावी. १६ ॲम्पिअरच्या घरगुती सॉकेटवर साधारण साडेतीन किलोवॉटपर्यंतचे यंत्रच चालू शकते. सोसायटीच्या आवारातील कुंपण आणि झुडपे यांसाठी संथ रुळाचे विजेवरचे यंत्र पुरते. लांब आणि बारीक वायर जोडल्यास दाब घटतो व मोटर तापते. रोज वेगळ्या जागी काम असेल, तर पेट्रोलचे यंत्र सोयीचे.

१२/ पुढे जाडी पाहावी. जाहिरातीतील मिलिमीटर बहुधा सरळ, ओल्या, मऊ फांदीसाठी असतात. वाळलेली, गाठीची, वाकडी फांदी त्यापेक्षा पुष्कळ कमी जाडीचीच जाते. मुंबईत नारळाच्या झावळ्यांचाही विचार हवा. त्यांचे तंतू आसाभोवती गुंडाळतात. पाती बदलून किंवा धार लावून मिळतात का, सुटे भाग जवळ मिळतात का, हे किमतीआधी विचारावे. बोथट पाते लाकूड कापत नाही, ओरबाडते.

१३/ तोंडाची नळी पुरेशी लांब असावी, म्हणजे हात पात्यापर्यंत पोहोचत नाही. फांदी हाताने ढकलू नये, काठीने ढकलावी. सैल बाह्या व गळ्यातला पंचा नको, डोळ्यांना चष्मा हवाच. अडकलेला तुकडा काढण्यापूर्वी वीज तोडावी किंवा प्लगची टोपी काढावी. स्वस्त यंत्रात या गोष्टी नसतील, तर ते स्वस्त नव्हे. त्याची उरलेली किंमत माळ्याची बोटे भरतात.

१४/ वर्षातून मोजकेच दिवस काम असेल, तर दोघातिघांनी मिळून यंत्र घेणे किंवा भाड्याने आणणे शहाणपणाचे. इंदूरला तर बैलगाडीचे चाक पुरले होते. आपल्या फांदीची जाडी आणि कामाचे दिवस ज्याने मोजले, त्याची निवड निम्मी झालीच. उरलेली निम्मी यंत्रात फांदी घातल्यावर होते.