घटकापात्रापासून उलट्या घड्याळापर्यंत

चंद्रपूरच्या आकाशातला सूर्य चंद्रपूरच्या घड्याळापेक्षा सरासरीने सुमारे १३ मिनिटे मागे असतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. चंद्रपूर साधारण ७९.३ अंशांवर आहे, आणि एका रेखांशास ४ मिनिटे लागतात. गडचिरोलीत हे अंतर १० मिनिटांच्या आसपास येते. व्यवहारात या फरकाची दखल कोणी घेत नाही, आणि तशी घेण्याचे कारणही नाही. परंतु ज्याला एखाद्या क्षणापर्यंत उरलेला काळ मोजायचा आहे, त्याला 'हा क्षण कोणाच्या घड्याळातला?' हा प्रश्न टाळता येत नाही.

प्रोग्रामिंग शिकू लागलेला विद्यार्थी सुरुवातीला जी लहानसहान उपकरणे बनवून पाहतो, त्यांत उलटे मोजणारे घड्याळ बहुधा असतेच. परीक्षेला, नववर्षाला किंवा चहा उकळायला किती वेळ उरला, ते दाखवणारे. त्याची पहिली रचना ठरलेली असते: एक आकडा घ्यावा, दर सेकंदाला त्यातून एक वजा करावा, शून्य आले की घंटा वाजवावी. उरलेल्या सेकंदांना ६० ने भागले की मिनिटे मिळतात, आणि बाकी राहते ते सेकंद. हा साठाचा हिशेब आपल्याकडे परका नाही. अहोरात्राच्या ६० घटका, घटकेची ६० पळे, पळाची ६० विपळे असे कोष्टक पंचांगाने शतकानुशतके चालवले आहे. त्यातली घटका २४ मिनिटांची आणि पळ २४ सेकंदांचे.

ही घटका मोजणारे साधन म्हणजे घटकापात्र: तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. ती पाण्यावर सोडायची. हळूहळू भरून ती बुडाली की एक घटका झाली. आपल्या भाषेने हे साधन इतके आत्मसात केले, की साधन गेले तरी त्याच्या खुणा उरल्या. 'घटका भरली' असे आपण म्हणतो तेव्हा भरते ती वस्तुतः वाटी. मरणासन्न माणूस 'अखेरच्या घटका मोजतो'. उलट्या मोजणीची याहून नेमकी मराठी व्याख्या सापडणे कठीण. 'तास' हा शब्दही आधी वेळ झाल्यावर वाजवायच्या धातूच्या थाळीचा होता, मग तो काळाच्या मापाचा झाला.

या पात्राबद्दल भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी'त (इ. स. ११५०) जे सांगितले आहे ते आजच्या विद्यार्थ्यानेही वाचण्यासारखे आहे. जुन्या ग्रंथांत तांब्याचे वजन, पात्राची उंची, छिद्राचे माप असे सारे काही नेमून दिलेले होते. भास्कराचार्य त्या मापांच्या मागे लागत नाहीत. पात्र घ्या, अहोरात्रात ते किती वेळा बुडते ते मोजा आणि त्या संख्येने ६० ला भागा, म्हणजे त्या पात्राचे मान कळेल, अशी त्यांची रीत आहे. समजा पात्र ४८ वेळा बुडाले, तर त्याचे एक बुडणे सव्वा घटकेचे, म्हणजे ३० मिनिटांचे. साधन निर्दोष असण्याची अट येथे उरत नाही. साधनाबाहेरच्या एका स्थिर गोष्टीशी, म्हणजे सूर्याच्या फेरीशी, ते ताडून पाहिले म्हणजे झाले.

भास्कराचार्यांच्याच नावाशी जोडली गेलेली लीलावतीची कथा याच्या अगदी उलट टोकाला उभी आहे. फैजीने १५८७ मध्ये 'लीलावती'चे फारसी भाषांतर केले. त्याच्या प्रस्तावनेत ती येते. भास्कराचार्यांच्या ग्रंथात तिला आधार नाही. विवाहाच्या मुहूर्तासाठी घटकापात्र लावलेले असते. कुतूहलाने वाकून पाहणाऱ्या वधूच्या अलंकारातला मोती पात्रात पडतो, छिद्र बुजते, वाटी बुडत नाही आणि मुहूर्त टळून जातो. ही दंतकथा आपण दैवाची म्हणून वाचत आलो. ती मोजणीची म्हणूनही वाचता येते. त्या मांडवात सर्वांचे लक्ष वाटीकडे होते, सूर्याकडे कोणाचेच नव्हते. साधन थांबले, काळ थांबला नाही. आणि साधन थांबले आहे हे सांगणारे दुसरे काहीच तेथे नव्हते. त्याची शिक्षा मात्र मुलीला झाली.

नवशिक्याचे पहिले घड्याळ नेमके याच रीतीने चुकते. दर सेकंदाला एक वजा करण्याची आज्ञा दर सेकंदाला पाळली जाईलच असे नसते. यंत्र दुसऱ्या कामात गुंतले की ती थोडी उशिरा पोहोचते. फोनचा पडदा मिटला की बहुतेक वेळा थांबतेच. पडदा पुन्हा उघडावा, तर आकडा होता तिथेच! यावरचा उपाय भास्कराचार्यांच्या रीतीचाच आहे. वजाबाकी मोजत बसू नये. गाठायचा क्षण एकदा लिहून ठेवावा, आणि दर वेळी यंत्राच्या घड्याळाला 'आत्ता किती वाजले?' असे विचारून दोहोंतले अंतर काढावे. मग मधले काही ठोके हुकले तरी उत्तर बिघडत नाही.

पण हा 'आत्ता' तरी कोणाचा? संगणक सामान्यतः १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासूनचे सेकंद मोजतात, आणि ती मध्यरात्र जागतिक प्रमाणवेळेची. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. म्हणून नववर्षाची उलटी मोजणी करणाऱ्या नवशिक्याचे घड्याळ पुष्कळदा बरोबर साडेपाच तास उशिरा शून्यावर येते. या साडेपाच तासांमागे मोठा इतिहास आहे. १९०६ पूर्वी रेल्वेची घड्याळे मद्रासच्या वेळेने चालत. कोळशासाठी १८७० च्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग आला, आणि त्याबरोबर ती वेळही चांदा जिल्ह्यात आली. येथे ती फारशी खुपली नसावी, कारण चांद्याच्या सूर्याशी तिचे अंतर जेमतेम ४ मिनिटांचे होते. मुंबईची गोष्ट वेगळी होती. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. शहराने ती सहजासहजी पत्करली नाही; 'मुंबई टाइम' पूर्णपणे मावळायला १९५५ साल उजाडावे लागले.

आज संगणकांच्या काल-कोशात भारतासाठी एकच नोंद आहे, आणि ती कोलकात्याच्या नावाने. १९७० पासून ज्या प्रदेशांची घड्याळे एकसारखी चालली, त्यांना एकच नाव द्यायचे असा त्या कोशाचा नियम. त्यामुळे मुंबईच्या जवळपास अर्धशतकाच्या हट्टाला तेथे स्वतंत्र घर नाही. चांद्याच्या स्थानिक वेळेला तर नव्हतेच. चंद्रपूरच्या मुलाने आपल्या घड्याळासाठी प्रदेश निवडला, की तो कोलकाता निवडतो.

यात तक्रार करण्याजोगे काही नाही. सर्वांनी मिळून एक शून्य मानल्याखेरीज उलटी मोजणी संभवतच नाही. गाडी, परीक्षा, मतदान, कशालाही सामाईक क्षण हवा. परंतु मानलेले शून्य आणि निसर्गाने दिलेले शून्य यांतला भेद विसरला, की आपण लीलावतीच्या मांडवातले वऱ्हाडी होतो, वाटीकडे टक लावून बसलेले. उलटे घड्याळ शिकवताना वजाबाकी अर्ध्या तासात शिकवून होते. ते कशाशी ताडून पाहायचे, हे शिकवणे हाच खरा पाठ. आणि तो इ. स. ११५० मध्ये लिहून ठेवलेला आहे.