डीएसएल जोडणी : अधूनमधून तुटणे आणि निदान

टेलिफोनच्या तांब्याच्या तारजोडीवरून येणारे घरगुती इंटरनेट वारंवार तुटणे, रेंगाळणे किंवा ठरावीक वेळीच दगा देणे, आणि त्या दोषाचे मूळ शोधण्याची रीत. साफ बंद पडलेली लाइन दुरुस्त करणे त्यामानाने सोपे; तुटलेली तार कुठे ना कुठे सापडतेच. पण दिवसातून चारदा जाणारी आणि आपोआप परतणारी लाइन नेमकी लाइनमन दारात आल्यावर सुरळीत असते. म्हणून या बिघाडात उपकरणापेक्षा वहीचा उपयोग जास्त : जोडणी किती वाजता गेली, फोन वाजत होता का, पाऊस होता का, घरात कोणते यंत्र चालू होते.

टेलिफोनवरचा आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्या अरुंद पट्ट्यात मावतो. त्याच्या वरची तारेची क्षमता पडूनच असे. अमेरिकेतील बेलकोर या संस्थेत जोसेफ लेक्लायडर यांनी घराकडे येणाऱ्या माहितीला मोठा आणि घरातून जाणाऱ्या माहितीला छोटा वाटा देण्याची कल्पना मांडली. एडीएसएल या डीएसएलच्या प्रकाराच्या नावातला ‘ए’ याच विषमतेचा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन सिऑफी यांच्या कामामुळे हा पट्टा शेकडो बारीक वाहिन्यांत वाटून प्रत्येकीवर झेपेल तेवढाच भार टाकणे शक्य झाले. एडीएसएल-२+ या प्रकारात ४.३१२५ किलोहर्ट्झ रुंदीच्या ५१२ वाहिन्या असतात, पट्टा सुमारे २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातो आणि वेग कमाल २४ एमबीपीएस. अर्थात तो टेलिफोन एक्स्चेंजच्या सावलीत राहणाऱ्यांना. तार लांबत गेली की वरच्या वाहिन्या आधी गळतात. भारतात बीएसएनएलची ‘डेटावन’ आणि मुंबई-दिल्लीत एमटीएनएलची ‘ट्रायबँड’ ही सेवा २००५ मध्ये सुरू झाली, तेव्हा सरकारी व्याख्येनुसार २५६ केबीपीएस वेगालाही ब्रॉडबँड म्हणत.

निदानाची पहिली पायरी मोडेमवरचे दिवे. डीएसएलचा दिवा स्थिर असून इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद असेल, तर तार ठीक आहे. दोष खात्यात, पासवर्डमध्ये किंवा पलीकडच्या सर्व्हरवर शोधावा. संगणकावरूनच डायल करणाऱ्यांना अशा वेळी ६९१ हा एरर दिसे : नाव किंवा पासवर्ड नाकारला. डीएसएलचा दिवाच लुकलुकत राहिला तर मोडेम आणि एक्स्चेंज यांची गाठच पडत नाही, आणि संगणक ‘फॉरमॅट’ करून काहीही साधत नाही. (ते करून पाहिलेली घरे थोडी नाहीत.)

दुसरा प्रश्न, दोष भिंतीच्या आत की बाहेर. बाहेरून ड्रॉप वायर (खांबावरून येणारी तार) घरात जिथे येते त्या पहिल्या रोझेटवर (भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीवर), बाकीचे सगळे फोन, समांतर एक्स्टेन्शन आणि स्प्लिटर (आवाज आणि नेट वेगळे करणारी डबी) काढून, एकटा मोडेम छोट्या वायरने जोडावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवावा. लाइन सुधारली तर अपराधी घरातच आहे. वापरात नसलेले एक्स्टेन्शनही निरुपद्रवी नसते : त्या लोंबत्या तारेच्या टोकावरून संदेश परावर्तित होतो आणि काही वाहिन्या खातो. फोन वाजला की नेट जाते, ही तक्रार बहुधा फिल्टर न लावलेल्या फोनची किंवा बिघडलेल्या स्प्लिटरची असते. दुपारी तापून मोडेम बंद पडत असेल, तर आधी अॅडॅप्टर बदलून पाहावा. स्वस्तातली ही वस्तू लवकर थकते.

मोडेमच्या आतल्या पानावर (बहुतेकदा १९२.१६८.१.१ या पत्त्यावर) दोन आकडे पाहावेत. ‘अॅटेन्युएशन’ म्हणजे वाटेत संदेश किती क्षीण झाला; हा आकडा अंतरावर ठरतो आणि फारसा हलत नाही. ‘एसएनआर मार्जिन’ म्हणजे गोंगाटावर उरलेली शिल्लक. ती ६ डेसिबलच्या खाली राहू लागली की लाइन भरवशाची नाही. एकदा पाहिलेल्या आकड्यापेक्षा सकाळ, दुपार, रात्र यांतला फरक बोलका असतो. अंधार पडल्यावर शिल्लक घटते यात निसर्गाचाही हात आहे : मध्यम लहरींचे रेडिओ रात्री दूरवरून पोहोचतात आणि त्यांचा पट्टा एडीएसएलच्या पट्ट्यातच येतो. आकाशवाणीचे पुण्याचे ७९२ किंवा मुंबईचे १०४४ किलोहर्ट्झ हे प्रसारण डोक्यावरून लोंबणाऱ्या तारेला अँटेना समजते. स्वस्त इन्व्हर्टर आणि दिव्यांचे डिमरही अशीच खरखर सोडतात.

महाराष्ट्रात मात्र मुख्य आरोपी पाऊस. एक्स्चेंजपासून घरापर्यंत तार अखंड नसते. पिलर (रस्त्याकडेची केबलपेटी), डीपी (घरांजवळची वाटपपेटी) आणि मधले जॉइंट अशा अनेक ठिकाणी ती पिळून जोडलेली असते. जॉइंटमध्ये ओल शिरली की तांबे गंजते आणि रोध वाढतो. अशा जॉइंटची एक गमतीदार खूण आहे : रिसीव्हर उचलून ठेवला की नेट सुधारते. उचललेल्या फोनमुळे एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह तारेतून वाहू लागतो आणि गंजाचा पातळ थर तात्पुरता भेदला जातो. रिसीव्हर परत जागेवर ठेवला की थोड्या वेळाने पुन्हा रडगाणे. याहून चक्रावणारा प्रकार म्हणजे फोन मृत, पण नेट लंगडत चालू. जोडीतली एक तार तुटली तरी उच्च वारंवारतेचा संदेश त्या फटीतून थोडाफार पलीकडे जातो. आवाजाला आणि बॅटरीच्या प्रवाहाला ते जमत नाही. म्हणून नेट नीट चालत नसताना आधी साधा फोन कानाला लावावा, एक अंक दाबून टोन थांबवावा आणि शांततेत खरखर ऐकू येते का ते पाहावे.

तक्रार नोंदवताना ‘नेट स्लो आहे’ एवढ्याने काम होत नाही. ‘लाइनवर खरखर आहे, पावसात मार्जिन उतरते’ असे सांगितले, तर लाइनमन डीपी उघडून पाहतो. जॉइंट नव्याने करणे किंवा केबलमधली मोकळी जोडी देणे हे खरे उपाय. ते होत नसेल, तर एक्स्चेंजकडून वेग थोडा उतरवून घ्यावा; आठाऐवजी चार एमबीपीएसवर तीच लाइन दिवसचे दिवस टिकते. व्हिडिओ कॉल तुटण्यापेक्षा ते बरे.

फायबरच्या काचेला ओल, गंज आणि आकाशवाणी यांचा त्रास नाही. अॅडॅप्टरचा दोष मात्र तिथेही तसाच आहे.