धरण रोखणारा डॉक्टर: बॉब ब्राउन

आज जायचंय ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, टास्मानिया बेटावर. गोष्ट बॉब ब्राउन नावाच्या डॉक्टरची. आणि प्रश्न आपल्याही ओळखीचा: चळवळीतल्या माणसानं निवडणुकीत उतरावं का?

1972 साली ब्राउन टास्मानियात डॉक्टरकी करायला आले. त्याच वर्षी तिथलं पेडर सरोवर जलविद्युत प्रकल्पासाठी बुडवलं गेलं. विरोध झाला, उपयोग शून्य. पुढची पाळी फ्रँकलिन नदीची होती. 1976 मध्ये ब्राउन एका मित्रासोबत रबरी होडीतून ती नदी उतरले, आणि तिच्यासाठी लढणाऱ्या वाइल्डरनेस सोसायटीचा चेहरा बनले.

1981 मध्ये सार्वमत झालं. गंमत बघा, धरण या जागी हवं की त्या, एवढंच विचारलं होतं. 'नकोच' हा पर्यायच नव्हता! सुमारे एक तृतीयांश लोकांनी मतपत्रिकेवर हातानं लिहिलं: धरण नको.

डिसेंबर 1982 मध्ये लोकांनी बांधकामाची वाट अडवली. बाराशेहून जास्त जणांना अटक झाली. ब्राउन 19 दिवस तुरुंगात होते, आणि सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी आमदार! एका आमदारानं राजीनामा दिला होता, आणि तिथं अशा वेळी पोटनिवडणूक न घेता जुन्याच मतपत्रिका पुन्हा मोजतात.

मार्च 1983 मध्ये केंद्रात सत्ता बदलली, नव्या सरकारनं धरण रोखणारा कायदा केला, राज्य सरकार कोर्टात भिडलं. 1 जुलैला निकाल आला: 4 विरुद्ध 3. एका न्यायमूर्तीच्या मतानं नदी वाचली. म्हणजे वाट अडवल्यानं देश जागा झाला, पण काम थांबलं ते मतपेटी आणि कायद्यामुळे.

ब्राउन 1996 मध्ये सिनेटवर गेले, 2005 मध्ये ग्रीन्स पक्षाचे संसदीय नेते झाले. आणि इथंच खरी कसोटी लागली. 2009 मध्ये लेबर सरकारनं कार्बन प्रदूषण कमी करायचं विधेयक आणलं. ते फार मिळमिळीत आहे म्हणून ग्रीन्सच्या पाचही सिनेटरांनी विरोधात मत दिलं. ती 5 मतं मिळाली असती, तर विधेयक पास झालं असतं. 2010 नंतर लेबरचं सरकार अल्पमतात आलं, तेव्हा ब्राउन यांनी पाठिंब्याच्या बदल्यात कार्बनवर किंमत लावून घेतली. ती जुलै 2012 मध्ये लागू झाली. त्याआधीच ते निवृत्त झाले होते. 2014 मध्ये पुढच्या सरकारनं तो कायदाच रद्द केला.

मला वाटतं, 2009 चा 'नाही' महागात पडला. नदीच्या लढ्यात 'अर्धं धरण' असं काही नसतं, तिथं ताठ राहावंच लागतं. हवामानाचं तसं नाही. तिथं थोडं मिळवून पुढं सरकता येतं. तरीही ब्राउन राजकारणात आले नसते, तर कार्बनची किंमत ती दोन वर्षंही टिकली नसती, असंही मी म्हणेन.

फ्रँकलिन आजही मोकळी वाहते. तुम्हाला काय वाटतं, ते 2009 मध्ये चुकले का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!