तळटीप : कॅल्प्रोटेक्टिन आणि सांध्यांची सूज

मूळ लेखकाने येथे सीआरपीलाच सूज मोजण्याचे माप मानले आहे. त्याला पुरवणी हवी. सीआरपी तयार होते यकृतात, तेही मुख्यतः आयएल-६ या संदेशवाहक प्रथिनाच्या सांगण्यावरून. म्हणजे सांध्यातल्या आगीची ती परगावाहून आलेली वर्दी. कॅल्प्रोटेक्टिनचे तसे नाही. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या पेशीद्रवातील प्रथिनांपैकी जवळपास निम्मा वाटा या एकट्याचा असतो. आमवातात, म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, सुजलेल्या सांध्यात जमलेल्या पेशी ते सोडतात आणि तिथूनच ते रक्तात उतरते. टोसिलिझुमॅब घेणाऱ्या रुग्णात हा फरक फार मोलाचा ठरतो: हे औषध आयएल-६ची वाटच अडवते, त्यामुळे सांधा धुमसत असतानाही सीआरपी खाली येऊ शकते. जंतुसंसर्गातही कॅल्प्रोटेक्टिन वाढते, हा आक्षेप खराच आहे. पण त्याने बाद होतो तो निदानासाठीचा वापर. निदान झालेल्या रुग्णाची सूज कितपत शमली, हे पाहायला त्याची आडकाठी नाही. खरी अडचण नळीतली आहे. रक्त गोठताना पेशी हेच प्रथिन सोडतात आणि सीरममधला आकडा फुगतो. म्हणून नमुना प्लाझ्माचा घ्यावा आणि पेशी लवकर वेगळ्या कराव्यात.