म्हातारपणाची सावड

पाटण-जावळीकडचा इतिहास सांगणारे गिरणीपासून सुरुवात करतात. कावसजी दावर यांनी 1854 साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि पुढं कित्येक पिढ्या आमच्या डोंगरातले गडी परळ-लालबागला जात राहिले. ते कुठल्या चाळीत राहिले, संपात काय झालं, सगळं छापून आलंय. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना कुणी उठवलं-बसवलं, ते लिहिलेलं दिसत नाही.

ते काम सुनांनी केलं. मुंबईच्या खोलीत गडी पाळीपाळीनं झोपायचे. तिथं बायकोला जागा नव्हती, आईबापाला कुठली असणार? नवरा जत्रेला यायचा आणि महिन्याला मनिऑर्डर. कुपनावर दोन ओळी असायच्या, आईला जप, बाकी ठीक. जपायचं कसं, ते कुपनात मावत नव्हतं.

माझ्या आजीच्या अंगावरनं वारं गेलं तेव्हा मी चौथीत होतो. पुढं नऊ वर्षं आजी बाजेवर आणि आई त्या बाजेभोवती. बाजेच्या मधल्या दोऱ्या सैल करून खाली राखेची पाटी ठेवलेली असायची. जुन्या धोतराची, लुगड्याची फडकी ओढ्यावर, पाणवठ्याच्या खालच्या अंगाला धुवायची. पावसाळ्यात ती वाळायची नाहीत, मग चुलीवर दोरी बांधून शेकायची. घरभर धूर आणि तो वास. दिवसा-रात्री कूस बदलायची, नाहीतर माकडहाडावर जखम होते आणि ती चिघळली की माणूस त्यातच जातं. नाचणीची आंबील चमच्या-चमच्यानं, चांगल्या गालाच्या बाजूनं घालायची. "आत्याबाई, मान जरा इकडं करा," आई म्हणायची. आजीला बोलता यायचं नाही, शिव्या तेवढ्या स्पष्ट यायच्या. डोक्यात वारं गेलेल्या माणसाचं असं होतं, हे मला पुढं एका डॉक्टरांनी सांगितलं. आईला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. तिनं त्या शिव्या खऱ्या धरूनच सेवा केली.

मग भातलावणीला ती जायची कशी? सावडीनं. सावड म्हणजे आज तू माझ्या वावरात, उद्या मी तुझ्या, पैशाचा व्यवहार नाही. सावडीची गोष्ट निघाली की नांगर येतो, बैल येतात, बाज येत नाही. पण बायकांनी ती सावड उंबऱ्याच्या आत आणली होती. शेजारची चुलती आजीपाशी बसायची, "मी हाय, जा तू." आई लावणी करून यायची आणि चुलतीच्या सासऱ्याला पेज पाजायला जायची.

उगाच गोडवे गाण्यात अर्थ नाही. ही सावड भावकीपुरती होती. खालच्या आळीत एकटी म्हातारी पडली तर तिच्या दारात कुणी बसलं नाही. आणि आईची आई गेली तेव्हा चुलती तापानं फणफणत होती. आई माहेरी पोचली ती माती झाल्यावर. दुसऱ्या दिवशी ती परत बाजेपाशी होती.

18 जानेवारी 1982 ला गिरणीसंप सुरू झाला आणि वडील गावी आले. त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या आईची कूस बदलली. दोन दिवसांत कंबर धरून बसले. त्यानंतर मात्र मनिऑर्डर पाठवायच्या बढाया बंद झाल्या, एवढं खरं.

संपानंतर घरंच्या घरं पुण्या-मुंबईकडं सरकली. दारांना कुलपं लागली. सावडीला उघडी दारं लागतात.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. संजय गांधी निराधार योजना आली, श्रावणबाळ योजना आली. 2007 च्या कायद्यानं आईबापांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येऊ लागला, महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत. त्या कायद्यातल्या 'मुलां'मध्ये मुलगा, मुलगी, नातवंडं आहेत, सून नाही. तिच्यावर बोजा नको म्हणून असेल, पण बोजा आधीच तिच्या डोक्यावर होता. जनगणनेत तर घर सांभाळणारी बाई काम न करणाऱ्यांत मोजली जायची. 2019 साली देशभर वेळेची पाहणी झाली, तेव्हा कळलं की घरच्या माणसांची, पोराबाळांची देखभाल करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी 134 मिनिटं घालवते आणि पुरुष 76.

आता चुलतीची सून पुण्यात एका फ्लॅटमध्ये आजारी बाईकडं बारा तासांची पाळी करते. पाळी हाच शब्द, गिरणीतला. दुसऱ्याच्या आईची कूस बदलायचे तिला पैसे मिळतात, आणि मिळायलाच हवेत. त्यातले निम्मे ती गावी पाठवते, कारण चुलती आता बाजेवर आहे. रात्री फोन करून विचारते, "आत्याबाईंनी खाल्लं का?"

चुलतीपाशी सकाळी माझी आई बसते. आईचं वय 82. कूस बदलायला तिला जोर पुरत नाही, म्हणून रस्त्यानं जाणाऱ्या कुणालातरी ती हाक मारते.