पॅरामेडिक: कायद्याने घडवलेला व्यवसाय

रुग्णालयाबाहेर, डॉक्टर शेजारी नसताना, रुग्णाच्या शिरेतून औषध देण्याचा किंवा डिफिब्रिलेटरने, म्हणजे विजेचा झटका देऊन हृदयाची लय पूर्ववत करणाऱ्या यंत्राने, उपचार करण्याचा अधिकार असलेला प्रशिक्षित कर्मचारी म्हणजे पॅरामेडिक होय. या व्यवसायाची घडण जितकी वैद्यकाने केली तितकीच कायद्याने केली, हे त्याच्या इतिहासात वारंवार दुर्लक्षिले जाते.

१९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा त्या देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्यांच्या हाती होती, कारण माणसाला आडवे नेता येईल अशी गाडी त्यांच्याकडेच असे. त्याच वर्षी बेलफास्टमध्ये डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी हृदयविकाराचा उपचार थेट रुग्णाच्या दारी नेणारी गाडी सुरू केली. मात्र तिच्यात डॉक्टर असत आणि प्रत्येक गाडीला डॉक्टर पुरवणे मोठ्या शहरांना परवडणारे नव्हते. म्हणून १९६९ मध्ये लॉस एंजेलिस परगण्यात डॉ. मायकेल क्रायली यांनी अग्निशमन दलाच्या जवानांना हे उपचार शिकवले. जवान शिकले, पण सुई टोचण्याची मुभा डॉक्टर आणि परिचारिका यांनाच असल्यामुळे, शिकलेले काम करण्यासाठी त्यांना परिचारिकेला सोबत घ्यावे लागे.

ही कोंडी जवानांना उपचाराचा अधिकार देणाऱ्या, कॅलिफोर्निया राज्याच्या वेडवर्थ-टाउनसेंड कायद्याने फोडली. परगण्याचे लोकप्रतिनिधी केनेथ हान यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि जुलै १९७० मध्ये राज्यपाल रोनाल्ड रेगन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. डॉक्टर नसलेल्याच्या हाती औषध देण्याविषयी वैद्यकीय वर्तुळात व्यक्त होणारी शंका निराधार नव्हती. म्हणूनच कायदा प्रायोगिक स्वरूपाचा ठेवला गेला आणि जवानाने रुग्णालयाशी रेडिओने संपर्क साधून तेथील आदेशानुसार उपचार करावेत, अशी व्यवस्था रुजली. अधिकार देतानाच देखरेख बांधून देणे, हीच या कायद्याची खरी देणगी मानली पाहिजे. १९८० मध्ये कॅलिफोर्नियाने संपूर्ण आपत्कालीन सेवेसाठी स्वतंत्र कायदा केला आणि राज्य प्राधिकरण स्थापन केले.

भारतात गुजरातने २००७ साली आपत्कालीन वैद्यकीय सेवांचा कायदा केला; महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची सेवा धावू लागली. पॅरामेडिकचा वैधानिक दर्जा मात्र केंद्राच्या २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांविषयीच्या कायद्याने त्याचे नाव अनुसूचीत घातले, तेव्हा निश्चित झाला.