तळटीप : ओटीपोटातली कळ
* येथे उल्लेखिलेले दुखणे बहुधा ओटीपोटाचा दाह असावे. गनोरिया, क्लॅमिडिया यांचे जंतू योनिमार्गातून वर चढून गर्भाशय व बीजवाहिन्यांपर्यंत पोचतात. अस्वच्छ गर्भपातानंतरही हे घडते. ताप, कंबरदुखी, अंगावरून पांढरे जाणे, संबंधाच्या वेळी कळ. पुष्कळदा काहीच लक्षण नाही. या नळ्यांना व्रण पडून त्या चिकटल्या की वंध्यत्व येते किंवा गर्भ नळीतच रुजतो, आणि नळी फुटल्यास जिवावर बेतते. (आपल्याकडे नळ्या बंद होण्यामागे क्षयही असतो, हे डॉक्टरांच्याही चटकन ध्यानात येत नाही.) स्वीडनमधील १९९२च्या अभ्यासात या दाहाच्या एका झटक्यानंतर सुमारे ८ टक्के, तीन वा अधिक झटक्यांनंतर ४० टक्के स्त्रियांच्या नळ्या निकामी आढळल्या.

लागण पुष्कळदा नवऱ्याकडून, दोष मात्र बाईच्याच माथी. डॉ. रमण गंगाखेडकर व सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या पुण्याच्या अभ्यासात, गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या व देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्क्यांना एचआयव्हीची लागण होती. त्यातल्या बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशी. शिवाय बाईची तपासणीच होत नसे : गडचिरोलीत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी १९८९ साली मांडलेल्या पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले होते, आणि त्याआधी तपासणी जेमतेम ८ टक्के जणींची झालेली.

सरकारी दवाखान्यात ओटीपोटाच्या दाहावर पिवळे पाकीट मिळते : सेफिक्झिमचा एक डोस, मग डॉक्सिसायक्लिन व मेट्रोनिडॅझोल १४ दिवस. नवऱ्यालाही औषध द्यावे लागते. तो सहसा येत नाही.
— संपा.